धरणाकाठची पायी सहल : निघण्याआधी घरोघरी विचारायचे प्रश्न



सोयाबीनची सोंगणी आटोपली, कापसाची पहिली वेचणी झाली की वस्तीतल्या महिला मंडळात सहलीचा विषय निघतो. आपल्याकडे सहल म्हणजे दीक्षाभूमी, नाहीतर अजिंठा. बसमध्ये बारा तास, पायी अर्धा तास. यंदा मात्र दोन-तीन वस्त्यांतून आमच्याकडे वेगळीच विचारणा आली. मुलांना आणि बायांना घेऊन रानात पायी फिरायला जायचे, दिवसभर चालायचे, संध्याकाळी घरी यायचे. कुठे जावे, काय न्यावे, कोणाला न्यावे आणि कोणाला नेऊ नये, असे ते प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आधीच देऊन टाकतो. जवळपास सगळ्यांना नेता येते. फक्त कोणाला काय आहे, हे निघण्याआधी ठाऊक हवे.

जागा म्हणाल तर आपल्या जिल्ह्यासाठी काटेपूर्णा अभयारण्यासारखी दुसरी नाही. ते अकोला आणि वाशीम अशा दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे. १९८८ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र ७३.६९ चौरस किलोमीटर आहे. वाशीमच्या पठारावरून निघून उत्तरेला पूर्णेकडे जाणारी काटेपूर्णा नदी महान गावाजवळ अडवली आहे. त्या धरणाचा जलाशय आणि भोवती साग, सालई, धावडा, तेंदूच्या टेकड्या. चौसिंगा आणि भेकर यांच्यासाठी हे जंगल ओळखले जाते. नीलगाय, रानडुक्कर, मोर दिसतात, बिबटही आहे. हिवाळ्यात जलाशयावर बाहेरून आलेली बदके उतरतात. महान हे मंगरूळपीर–अकोला रस्त्यावर येते, म्हणजे एसटीने जाता येते. २०२३ च्या मार्चपासून बायांना एसटीचे अर्धे तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना तिकीटच नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. पुढे फाटकापर्यंत गाडी करावी लागली तर ती माणसे नेणारी करा. मालवाहू छोट्या टेम्पोत पंचवीस माणसे उभी करून न्यायची सवय आपल्याला लागली आहे. सहलीतला सगळ्यात मोठा अपघात जंगलात नाही, तिथे होतो.

अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. वन विभागाकडे आठवडाभर आधी चौकशी करा. कोणत्या वाटेवर पायी जाऊ देतात, कुठे गाडीच लागते, सोबत वाटाड्या कोण देतात, फाटक किती वाजता बंद होते, आणि आत बायांसाठी शौचालय कुठे आहे, हे सगळे विचारा. जंगल सरकारचे म्हणजे आपलेही. नाव नोंदवून, शुल्क भरून, पावती घेऊन हक्काने आत जायचे. आत चूल पेटवायची नाही, तेव्हा डबे घरूनच न्यायचे. कचरा टाकणे, जनावरांना छेडणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. डीजे लावायचा विचार कोणाच्या मनात असेल तर त्यांनी वस्तीतच थांबावे.

दिवस ठरवताना ऋतू आणि मजुरी दोन्ही पाहा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. त्यानंतर अकोल्याकडचे ऊन आपल्याला माहीत आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. ६ डिसेंबरच्या आठवड्यात अर्धी वस्ती मुंबईला असते, तो सोडा. रविवार सगळ्यांना सोयीचा असतोच असे नाही. रोजाने जाणाऱ्या बाईची सुट्टी बाजाराच्या दिवशी असते. एका दिवसाची मजुरी बुडते म्हणून जी येत नाही, तिलाच खरे तर या चार मोकळ्या तासांची सर्वात जास्त गरज असते.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका वस्तीतल्या मुली आणि त्यांच्या आयांना घेऊन अशाच एका टेकडीवर गेलो होतो. डिसेंबरची सकाळ होती. उघड्या गाडीतून आल्यामुळे मुली गारठल्या होत्या. चढ सुरू झाला आणि सातवीतली एक मुलगी मागे पडू लागली. "ताई, माह्ये पाय लय दुखून राह्यले," असे ती दोनदा म्हणाली. बाकीच्या मुली हसल्या. आम्हीही म्हणालो, "चाल बेटा, आता आलंच." इतकी वर्षे दवाखान्यात काम केलेले आम्ही, पण आम्हाला ती नाटके वाटली. माथ्यावर पोचलो तेव्हा ती खाली बसली ती उठेना. मांड्या, कंबर, मग छाती. ओठ कोरडे पडलेले. सकाळपासून तिने पाणी प्यायलेच नव्हते. तिची आई जवळ आली आणि आमच्या कानात हळूच म्हणाली, "बाई, तिले शिकल आहे. कार्ड घरी आहे. कोणाले सांगू नका."

चौघींनी तिला साडीच्या झोळीत घालून खाली आणले. तिला चार दिवस दवाखान्यात सलाईनवर ठेवावे लागले. ती बरी झाली, आता नर्सिंगला जायचे म्हणते. आईवर रागावण्याचा आम्हाला काही अधिकार नव्हता. मुलीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने तिने कार्ड पेटीत ठेवले होते, आणि आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते. विचारले असते तरी सगळ्यांसमोर, विहारात, हात वर करायला सांगून विचारले असते. मग ती कशी सांगणार?

म्हणून सहलीची तयारी डब्यांपासून करू नका, घरोघरी विचारण्यापासून करा. निघण्याच्या आठ दिवस आधी एकच बाई, जिच्यावर वस्तीचा विश्वास आहे अशी, आशाताई असेल तर उत्तमच, प्रत्येक घरी जाईल आणि आत बसून चार गोष्टी विचारेल. सिकलसेलची तपासणी झाली आहे का, काय निघाले? बीपी, साखर, दमा, फिट यांपैकी काही आहे का, गोळी कोणती? कोणी गरोदर आहे का? जिना चढताना किंवा पाण्याची घागर आणताना धाप लागते का, छातीत दुखते का? उत्तरे तिच्या वहीत राहतील, ती वही तिच्याच पिशवीत राहील, आणि सहलीनंतर ते पान फाडून टाकले जाईल. हे आधीच सांगा म्हणजे बाया बोलतात.

सिकलसेलबद्दल इथे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण विदर्भात हा आजार आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात बराच आढळतो. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि मऊ असतात, बारीक नळीतूनही घसरत जातात. हा आजार असलेल्याच्या पेशी प्राणवायू कमी पडला, अंगातले पाणी आटले, थंडी वाजली किंवा फार दमणूक झाली की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. मग त्या बारीक नळ्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि जीव जाईल अशी कळ येते. त्या दिवशी आम्ही या चारही गोष्टी एकाच मुलीवर आणल्या होत्या : थंडी, तहान, दमणूक आणि चढावरची धाप.

हा आजार कोणत्याही जातीचा कलंक नाही. आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राकाठच्या देशांतही तो आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक माणसे मलेरियातून तगली, म्हणून तो तिथे टिकला. वाहक आणि रुग्ण यांत मोठा फरक आहे. आई किंवा वडील अशा एकाकडूनच दोष आला तर माणूस वाहक, ज्याच्या कागदावर 'एएस' लिहिलेले असते. दोघांकडून आला तर रुग्ण, म्हणजे 'एसएस'. नवरा-बायको दोघेही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. आधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन साधी चाचणी होते, तिच्यात काही आढळले तर पक्की चाचणी करतात.

वाहकाने सहलीला जाऊ नये का? जरूर जावे. अमेरिकेच्या लष्करातल्या हजारो काळ्या सैनिकांचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पाणी, विश्रांती आणि उन्हाची शिस्त सगळ्यांनाच लावलेल्या त्या लष्करात वाहक सैनिकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. अति श्रमाने स्नायूंना इजा होण्याचे प्रमाण मात्र त्यांच्यात जास्त होते. यातून आपण घ्यायचे ते एवढेच की वाहकाने शर्यत लावू नये, पाणी पीत राहावे आणि पाय भरून आले की बसावे. रुग्णाने मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. परवानगी मिळाली तर सपाट, थोडी वाट घ्यावी. सकाळी स्वेटर आणि कानटोपी घालावी, रोजच्या गोळ्या चुकवू नयेत, पाण्यात पाय सोडून बसू नये. वाटेत कळ सुरू झाली तर तिथेच थांबवा. पांघरूण द्या, पाणी पाजा, डॉक्टरांनी दिलेली वेदनेची गोळी द्या. कळ कमी झाली तरी पुढे नेऊ नका, परत फिरवा. छातीत दुखणे, धाप, ताप, हात-पाय लुळा पडणे यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन. महानहून अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे, वाटेत बार्शीटाकळी लागते. मोबाईलची रेंज कुठपर्यंत आहे, हे वाटाड्याला फाटकावरच विचारून ठेवा.

साखरेच्या रुग्णांबद्दल एक गोष्ट राहून जाते. पहाटे गोळी घेतली, चहा पिऊन निघाले आणि जेवण दुपारी दोनला. मग घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बडबडतो. अशा वेळी लगेच गूळ किंवा साखर तोंडात द्यायची. त्यांचा पहिला घास सकाळी वेळेवर झाला पाहिजे, बस चुकली तरी चालेल.

पाण्याचे काय करायचे

मोठ्या माणसाला दिवसभरात कमीत कमी दोन लिटर पाणी सोबत हवे. चालताना तासाला अर्धा लिटर धरा. दोन लिटर म्हणजे दोन किलो वजन, ते एका खांद्यावरच्या पिशवीत नेले तर दुपारी खांदा जातो. शाळेची जुनी पाठपिशवी न्या. जलसंजीवनीची पाकिटे आशाताईकडे मिळतात. एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या पाकिटाचा अंदाज करू नका. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अकोला शहर या धरणाचे पाणी पिते, मग आपण का पिऊ नये, असे एका काकांनी आम्हाला विचारले होते. शहराला ते शुद्धीकरण केंद्रातून जाऊन, क्लोरीन घालून मिळते. काठावरच्या पाण्यात जनावरेही उतरतात.

पण पाणी नेणे सोपे, बायांना ते प्यायला लावणे कठीण. आम्ही कितीदा पाहिले आहे, सहलीच्या दिवशी बाया सकाळपासून घोटभरही पीत नाहीत. एका आजीने आम्हाला तोंडावर विचारले, "पानी पेलं की बसाले जागा कुठं हाय, बाई?" तिचे काय चुकले? ज्या बाईने आयुष्यभर अंधार पडायची वाट पाहिली, तिला तहान मारायची सवय झालेली असते. त्यातून लघवीची जळजळ, डोकेदुखी, चक्कर, आणि सिकल असेल तर थेट कळ. म्हणून शौचालयाची व्यवस्था ही सहलीची पहिली व्यवस्था समजा. फाटकावर पोचलो की सगळ्या बाया-मुली आधी तिकडे. आत दर दीड तासाला थांबायचे. पुरुष आणि मुलगे पुढे जाऊन वळणापलीकडे थांबतील, मागे दोघी जुनी साडी आडवी धरतील, आणि वाटाड्याने दाखवलेल्या मोकळ्या जागीच बसायचे, दाट गवतात नाही. हे बसमध्ये बसण्याआधी सगळ्यांसमोर, पुरुषांसमोरही, स्पष्ट सांगून टाका. एकदा सांगितले की लाज निम्मी होते. पाळी चालू असलेल्या मुलीला घरी ठेवायचे कारण नाही. दोन जास्तीची पॅड किंवा धुतलेल्या सुती घड्या, जुने वर्तमानपत्र आणि झाकणाचा डबा पिशवीत असू द्या. वापरलेले सगळे परत आणायचे.

किती चालायचे

पहिल्यांदा जात असाल तर आधी एक रंगीत तालीम करा. वाशीम शहराजवळ एकबुर्जीचा जलाशय आहे, इतर तालुक्यांतही गावाजवळ एखादा तलाव असतोच. तिकडे एका सकाळी तासभर चालून या. कोणाची चप्पल तुटते, कोणाला धाप लागते, कोणते लेकरू कडेवरच येते, हे तिथेच कळते. रबरी चपलेने उतारावर घोटा मुरगळतो. शाळेचे कॅनव्हासचे बूट पुरतात, नवे घेऊ नका, नव्या बुटांनी फोड येतात.

लहान मुले आणि वयस्क माणसे सोबत असली तर चढ-उतारावर तासाला दोन किलोमीटर होतात, त्याहून जास्त नाही. म्हणजे जाऊन-येऊन सहा किलोमीटर म्हटले तरी तीन तास, वर थांबे आणि जेवण. त्यामुळे अंतर मोजत बसू नका, घड्याळ पाहा. आठ-साडेआठला चालायला लागलो तर अकराला, जिथे असू तिथून, मागे फिरायचे. समोर कितीही छान टेकडी असली तरी. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि झाडीत त्याआधीच अंधारते. वाटाड्याच्या मागे सगळ्यात हळू चालणारी आजी असेल, तिच्या पुढे कोणी जायचे नाही. शेवटी एक धडधाकट माणूस शिटी घेऊन. दर थांब्यावर डोकी मोजायची. "परतताना पातूरची लेणी पण पाहून घेऊ" असे कोणीतरी नक्की म्हणेल. लेणी चांगली आहेत, पण पातूर दुसऱ्या रस्त्यावर आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढा.

जलाशयात उतरायचे नाही, पाय धुवायलासुद्धा नाही. धरणाचा काठ नदीच्या घाटासारखा पायरीपायरीने खोल होत नाही. गाळ असतो, आत बुडालेली झाडांची खोडे असतात, आणि पोहता येणारा मुलगाही गाळात रुततो. कोणी पडलेच तर मागे उडी घेऊ नका. दोन-तीन साड्या किंवा ओढण्या बांधून टाका, लांब काठी द्या. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे लगेच सुरू करा. हे ज्यांना येत नाही त्यांनी आमच्याकडून शिकून घ्यावे, विहारात एका रविवारी तासाभरात होते.

झाडावर आग्या मोहोळ दिसले तर गप्प बाजूने जा. धूर, दगड, उग्र अत्तर नको. माशा उठल्याच तर तोंड पदराने झाकून दूर पळा, पाण्यात उडी मारू नका. साप हिवाळ्यात कमी दिसतात, पण दिसतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही आपल्या भागात आहेत. चावला तर चिरा नको, दोरी नको, चोखणे नको, मांत्रिक तर नकोच. चावलेला अवयव काठीला हलकेच बांधून न हलवता ठेवायचा, माणसाला चालवायचे नाही, उचलून गाडीपर्यंत न्यायचे. सापाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

घरी आल्यावर सगळ्यांनी कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करायची आणि लेकरांच्या काखा, जांघा, कानामागचा भाग तपासायचा. गवतात बारीक किडे असतात, त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस हा ताप येतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. चावल्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप, डोके ठणकणे, अंगदुखी. कधी कधी अंगावर सिगारेटने चटका दिल्यासारखा काळा डाग दिसतो, तो दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. मलेरिया, टायफॉईडच्या तपासण्या होत राहतात आणि दिवस जातात. औषध स्वस्त आहे, पण वेळेवर सुरू झाले पाहिजे. सहलीनंतर तीन आठवड्यांत घरात कोणाला ताप आला तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका, "आम्ही जंगलात गवतातून चाललो होतो" हे दारातूनच सांगा.